बेकनची तडतड आणि ओशट ओटा

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचे किंवा पाठीचे मांस मिठात मुरवून, बहुतेक वेळा त्याला लाकडाची धुरी देऊन टिकवलेले आणि मग पातळ कापलेले. आपल्याकडच्या दुकानांत पाकिटातून मिळते ते बहुधा पोटाकडचे असते. त्याच्या पट्टीत पांढऱ्या चरबीचे आणि लालसर मांसाचे थर एकाआड एक दिसतात. कच्च्या पट्टीच्या वजनात साधारण ४० टक्के चरबी असते आणि जवळपास तेवढेच पाणी. उरलेला भाग प्रथिनांचा आणि मिठाचा. गरम तव्यावर चरबी आणि पाणी एकत्र आले की जे घडते, तेच घरातल्या सगळ्या त्रासाचे मूळ आहे: हातावर उडणारे शिंतोडे, ओट्यावर आणि मागच्या टाइल्सवर बसणारा ओशट थर, पडद्यांत रेंगाळणारा वास. बेकन शिजवायला पंधरा मिनिटे लागतात. त्यानंतरच्या घासण्या-पुसण्याला मात्र त्याहून जास्त वेळ जातो, आणि म्हणूनच अनेक घरांत हौसेने आणलेले दुसरे पाकीट फ्रीजमध्ये पडून राहते.

शिंतोडे का उडतात हे एकदा समजले, की ते कमी करण्याचे उपाय आपोआप सुचतात. चरबी आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. शिवाय चरबी पाण्यापेक्षा हलकी असल्याने पाण्याचा थेंब तिच्यात पडला की खाली बुडतो. पुणे जिल्ह्याच्या पठारावर पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. तापलेल्या तव्यातली चरबी १५० ते १८० अंशांवर असते. अशा चरबीच्या तळाशी गेलेल्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि त्याचे आकारमान सुमारे १६०० पटींनी वाढते. वर येणारी ही वाफ वाटेतली चरबी फोडून बाहेर फेकते. उडतो तो चरबीचा बारीक फवारा असतो, आणि त्याला फेकणारे बळ पाण्याचे असते.

मराठी स्वयंपाकघराला ही गोष्ट नवी नाही. धुऊन न पुसलेला कढीपत्ता फोडणीत टाकला की तो अंगावर येतो. तेलही तेच, आचही तीच, तरी कोरडी पाने टाकली तर एवढा गोंधळ होत नाही. साबुदाणा नीट निथळला नसेल तर वडा कढईत फुटतो, कारण आत अडकलेले पाणी वाफ होऊन वाट काढते. पण बेकनला सगळ्यात जवळचा दाखला लोणी कढवण्याचा आहे. घरच्या लोण्यात ताकाचे बरेच पाणी राहिलेले असते. पातेले मंद आचेवर ठेवले की लोणी वितळते, मग तडतड सुरू होते, बराच वेळ चालते आणि हळूहळू कमी होते. कढवणारी बाई घड्याळाकडे पाहत नाही, ती आवाज ऐकते. आवाज मंदावला म्हणजे पाणी संपत आले. त्यानंतरच तुपाचे तापमान वर चढते, बेरी तांबूस होते आणि गॅस बंद करायची वेळ येते. लोणी भसकन मोठ्या आचेवर कढवले तर ते उतू जाते किंवा उडते, आणि बेरी करपते. बेकनच्या पट्टीलाही हाच क्रम हवा असतो: आधी चरबी सुटावी, मग पाणी निघून जावे आणि सगळ्यात शेवटी रंग चढावा.

पट्टीत किती पाणी आहे हे ती कशी मुरवली यावर ठरते. जुन्या पद्धतीत मांसाला मीठ, थोडी साखर आणि नायट्राइटयुक्त क्षार बाहेरून चोळतात आणि दिवसेंदिवस मुरत ठेवतात. मीठ मांसातले पाणी ओढून बाहेर काढते. कारखान्यांतल्या जलद पद्धतीत खारे पाणी सुयांनी मांसात भरतात. काम लवकर होते, पण पाणी आत राहते आणि तव्यावर ते सूड उगवल्यासारखे बाहेर येते. दोन पाकिटांतले बेकन एकाच गॅसवर वेगवेगळे वागते त्याचे कारण बहुतेकदा हेच असते. पट्ट्या तव्यावर टाकण्यापूर्वी स्वच्छ सुती फडक्यात किंवा टिश्यू पेपरमध्ये दाबून टिपल्या तर निदान वरवरचे पाणी जाते. अर्ध्या मिनिटाचे हे काम पुष्कळ शिंतोडे वाचवते.

महाराष्ट्राचा आणि बेकनचा संबंध फार खोल नसला तरी अगदी वरवरचाही नाही. पुणे, खडकी, देवळाली अशा लष्करी छावण्यांतल्या इंग्रज स्वयंपाकघरांतून हा पदार्थ इथे आला. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात देशात वराहपालन वाढावे म्हणून सरकारी बेकन कारखाने उभे राहिले. उत्तर प्रदेशात अलीगढ, पश्चिम बंगालमध्ये हरिणघाटा, आंध्रात गन्नावरम आणि महाराष्ट्रात बोरिवली ही त्यांची ठिकाणे. लार्ज व्हाइट यॉर्कशर या पांढऱ्या इंग्रजी जातीची डुकरे त्यासाठी वाढवली गेली. पुढे माफको या सरकारी महामंडळाचे बेकन आणि सॉसेज गोठवलेल्या मटारांच्या शेजारी मुंबई-पुण्याच्या दुकानांत दिसू लागले. आज हा माल शहरांतल्या मोठ्या दुकानांतून आणि घरपोच सेवांतून मिळतो.

डुकराचे मांस मीठ लावून टिकवण्याची खरी देशी परंपरा मात्र गोव्यात सापडते. तिथे चोरिस करताना मांसाचे बारीक तुकडे मिठात घालून वजनाखाली दाबून ठेवतात, म्हणजे पाणी निथळते. मग माडाचे व्हिनेगर, लाल मिरची, लसूण आणि मसाले लावून ते आतड्यात भरतात, गाठी मारून माळ करतात, उन्हात आणि धुरात वाळवतात. पावसाळ्यात मासळी मिळत नाही, त्यासाठी करून ठेवायच्या पुरुमेंतातला हा एक जिन्नस. चोरिस शिजवण्याची गोव्यातली घरगुती रीत इथे फार उपयोगी आहे. पातेल्यात तेल घालत नाहीत. चोरिस, चिरलेला कांदा आणि थोडे पाणी घालून मंद आचेवर ठेवतात. पाणी आटता आटता चरबी सुटते आणि त्याच चरबीत कांदा परततो. चरबी सुटायच्या आधी भांडे तापून कोरडे होत नाही, म्हणून शिंतोडेही फारसे उडत नाहीत.

मराठवाड्यातल्या चान्या हा याच कुळातला आणखी एक पदार्थ. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात दलित समाजांच्या खाद्यपरंपरेची जी नोंद केली, तिच्यात मांसाच्या पट्ट्या कडक उन्हात वाळवून वर्षभर पुरवण्याची ही रीत आली आहे. चान्यांतले पाणी उन्हातच गेलेले असते, त्यामुळे त्या निखाऱ्यावर टाकल्या तर भाजल्या जातात, उडत नाहीत. बेकन त्या मानाने ओलेच असते. तव्यावर त्याचा जो त्रास होतो तो या ओलेपणामुळे.

गोव्याची रीत बेकनला जशीच्या तशी लागू पडते. थंड कढईत किंवा जाड बुडाच्या तव्यात पट्ट्या एकमेकींवर न चढवता पसराव्यात. त्या बुडतील न बुडतील एवढे पाणी घालावे आणि मगच गॅस मध्यम आचेवर लावावा. जो पदार्थ पाण्यामुळे उडतो त्यात आणखी पाणी ओतायचे, हे पहिल्यांदा उलटे वाटते. पण भांड्यात पाणी असेपर्यंत तापमान ९८ अंशांच्या वर फारसे चढू शकत नाही. डुकराची चरबी ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे पाणी उकळत असतानाच चरबी सुटू लागते, पट्टीतले स्वतःचे पाणीही त्याच वेळी बाहेर पडते, आणि हे सगळे शिंतोडे उडण्याइतकी चरबी तापण्याच्या आत घडते. सात-आठ मिनिटांत पाणी आटत येते. तिथून पुढची दोन-तीन मिनिटे सांभाळायची. तळाशी राहिलेले शेवटचे थेंब आता तडतडतात, म्हणून आच एकदम बारीक करावी आणि तुपासारखाच आवाज ऐकावा. तो मंदावला की पट्ट्या चिमट्याने उलटाव्यात. काट्याने टोचून उलटू नयेत, आणि उलथण्याने दाबू तर अजिबात नये, कारण दाबले की आतले पाणी थेट गरम चरबीत पिळले जाते. रंग सोनेरी-तांबूस झाला की पट्ट्या काढून कागदावर ठेवाव्यात. गार होताना त्या आणखी कडक होतात, त्यामुळे हव्या त्यापेक्षा थोड्या मऊ असतानाच काढलेल्या बऱ्या.

पाणी न घालताही थंड तव्यापासून सुरुवात केली तर बरेच काम होते, फक्त वेळ थोडा जास्त लागतो आणि लक्ष द्यावे लागते. तापलेल्या तव्यावर पट्टी टाकणे म्हणजे मात्र शिंतोड्यांना अक्षता देऊन बोलावणे. त्यात पट्टीच्या कडाही लगेच आकसतात. चरबी आणि मांस वेगवेगळ्या वेगाने आकसतात, म्हणून पट्टी वळते, मधला भाग तव्यापासून सुटतो आणि कच्चा राहतो. मंद सुरुवातीत हे वळणे कमी होते.

भांड्याची निवडही महत्त्वाची. चपटा डोशाचा तवा या कामाला वाईट, कारण त्याला कड नसते आणि चरबी थेट शेगडीवर सांडते. खोलगट कढई किंवा उंच काठाचे पसरट पातेले घेतले तर बहुतेक शिंतोडे काठाच्या आतच आदळतात. बिडाचा तवा किंवा कढई असेल तर उत्तम. बीड सावकाश तापते आणि उष्णता धरून ठेवते, आणि बेकनची चरबी त्याला मुरवते, पुढच्या वेळी भाकरी किंवा धिरडे चिकटत नाही. पातळ ॲल्युमिनियमची कढई ज्योतीच्या बरोबर वर फार तापते आणि साखर लावून मुरवलेले बेकन तिथेच करपते.

कढईवर झाकण ठेवण्याचा मोह होतो, पण घट्ट झाकणाने घात होतो. वाफ झाकणाखाली थंड होऊन थेंबांच्या रूपाने पुन्हा चरबीत पडते आणि झाकण उघडताच सगळे अंगावर येते. बारीक तारेची जाळी ठेवली तर वाफ वर जाते आणि चरबीचे थेंब अडतात. अशी जाळी बाजारात मिळते. नसेल तर पूर्ण धातूची, बारीक भोकांची पिठाची चाळण उपडी ठेवूनही काम भागते. प्लॅस्टिकच्या कडेची चाळण मात्र चालत नाही. वापरलेली चाळण गरम पाण्याने आणि साबणाने चांगली धुऊन, उन्हात कडक वाळवूनच पुन्हा पिठाला घ्यावी, नाहीतर पिठाला ओशट वास लागतो.

ज्या घरात ओव्हन किंवा ओटीजी आहे तिथे शेगडीचा विचार सोडून द्यावा. कमी पसाऱ्यासाठी भट्टीची पद्धत सगळ्यात चांगली आणि एका वेळी बारा-पंधरा पट्ट्या त्यात होतात. काठ असलेला ट्रे घ्यायचा, कारण सपाट पत्र्यावरून चरबी खाली गळून तापलेल्या कांबीवर पडली तर पेट घेऊ शकते. ट्रेवर ॲल्युमिनियमचे फॉइल काठांच्या वरपर्यंत येईल असे अंथरावे, हवे तर त्यावर बेकिंगचा कागद घालावा. इथे एक घोटाळा होतो. मराठी घरांत बेकिंगचा कागद आणि मेणकागद या दोन्हींना सर्रास बटर पेपर म्हणतात, पण मेणकागदाचे मेण भट्टीत वितळते आणि धुरावते. पुडक्यावर भट्टीत चालतो असे लिहिलेलाच कागद घ्यावा. पट्ट्या एका थरात मांडून ट्रे थंड ओव्हनमध्येच ठेवायचा आणि मग २०० अंशांवर लावायचा. पातळ पट्ट्यांना पंधरा ते वीस मिनिटे पुरतात, जाड असल्या तर थोडी जास्त. शेवटच्या पाच मिनिटांत मात्र दारापाशी उभे राहावे, कारण सोनेरी आणि करपलेले यांत तेव्हा दोनच मिनिटांचे अंतर असते. उलटायची गरज पडत नाही. उष्णता चहूबाजूंनी मिळते, चरबी शांतपणे पाझरत राहते आणि जे थोडे उडते ते बंद दाराच्या आत उडते. ओव्हनच्या भिंतींवर बारीक थर बसतो हे खरे, पण तो ओट्यावरच्या थराच्या मानाने काहीच नाही. सगळे गार झाले की फॉइलवर साचलेली चरबी डब्यात ओतायची आणि फॉइल गुंडाळून टाकायचे. ट्रे जवळजवळ कोराच राहतो.

पट्ट्या जाळीवर मांडून खाली ट्रे ठेवण्याचाही एक प्रकार आहे. त्यात पट्ट्या अधिक कोरड्या आणि कुरकुरीत होतात. पण मग जाळीची एकेक तार घासत बसावे लागते, म्हणजे वाचवलेली मेहनत परत आलीच.

मायक्रोवेव्ह दोन-तीन पट्ट्यांपुरता चांगला. ताटलीवर कागदी रुमालांचे दोन-तीन थर, त्यावर पट्ट्या, वर आणखी एक कागद, आणि दर पट्टीमागे साधारण एक मिनिट. चरबी कागद शोषून घेतो आणि पसारा जवळजवळ शून्य. रंग आणि चव मात्र तव्यासारखी येत नाही, पट्टी कोरडी आणि थोडी ठिसूळ होते. एअर फ्रायरमध्ये गरम हवेचा झोत असल्याने बेकन लवकर होते, पण खालच्या खणात गळलेली चरबी तापून धुरावते. खणात थोडे पाणी घालून ठेवले तर ती थंड राहते आणि धूर होत नाही.

धूर हा शिंतोड्यांपेक्षा वेगळा विषय आहे आणि त्याकडे जास्त दुर्लक्ष होते. डुकराची शुद्ध चरबी १९० अंशांच्या आसपास धुरावू लागते. बेकनमधून सुटलेल्या चरबीत मीठ, साखर आणि मांसाचे कण असतात, त्यामुळे ती त्याआधीच धूर सोडते. घरभर बसणारा वास बहुतांशी या धुरातल्या सूक्ष्म थेंबांचा असतो. सुकट किंवा बोंबील भाजताना जसा खिडकी-दार उघडायचा शिरस्ता आहे, तसाच इथेही हवा, आणि पंखा शिजवण्याच्या आधी लावायचा, नंतर नाही. वास कपड्यांत शिरला की पंखा त्याला काढत नाही. परदेशात सदनिकांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मोहरी-मिरचीच्या फोडणीने वाजणाऱ्या धूरसूचक घंटेची सवय असतेच. बेकन मोठ्या आचेवर केले तर ती तितक्याच तत्परतेने वाजते. ओव्हनचा मंद उपाय तिथे म्हणूनच अधिक सोयीचा.

मोठी आच टाळण्यामागे आरोग्याचेही कारण आहे. बेकनमध्ये घातलेल्या नायट्राइटमुळे मांसाचा गुलाबी रंग टिकतो आणि बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जंतूला आळा बसतो. पण फार तापलेल्या बेकनमध्ये याच नायट्राइटपासून नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक संयुगे बनतात. या शोधानंतर अमेरिकेत १९७८ साली बेकनमधल्या नायट्राइटवर मर्यादा आली आणि ही संयुगे रोखणारे ॲस्कॉर्बेट घालणे सक्तीचे झाले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा बेकन हा रोजच्या न्याहारीचा जिन्नस न ठेवता अधूनमधून करायचा पदार्थ ठेवणे शहाणपणाचे, आणि केले तरी काळे पडू न देता सोनेरी असतानाच उतरवावे.

गावाकडच्या घरात या सगळ्याला आणखी काही बाजू जोडल्या जातात. भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात बेकन आणायचे म्हणजे ते पुण्याहून आणणे आले, आणि पुणे-सातारा रस्त्याने घरी पोचेपर्यंत तासाहून अधिक वेळ जातो. मिठात मुरवलेले असले तरी हे कच्चे मांस आहे. ते ४ अंशांच्या खाली राहायला हवे. साध्या हवेत दोन तास आणि उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर एकच तास ही त्याची मर्यादा धरतात, आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ती सहज ओलांडली जाते. म्हणून बर्फ घातलेल्या थर्मोकोलच्या पेटीतून ते आणावे. वीज बराच वेळ गेलेल्या फ्रीजरमधले वितळलेले पाकीट पुन्हा गोठवू नये. फीतकृमी आणि ट्रिकिनेला यांसारख्या कृमींचा धोका लक्षात घेता पट्टी कुठेही अर्धी-कच्ची ठेवू नये, आणि माल तपासणी झालेल्या ठिकाणचाच घ्यावा. भोर-वेल्ह्याच्या डोंगरकडेच्या शिवारात रानडुकरे पिकांची नासाडी करतात, पण त्यांचे मांस हा पर्याय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवानगीवाचून त्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि त्या मांसाची तपासणीही झालेली नसते.

दुसरी बाजू भांड्यांची. या भागातल्या कितीतरी घरांत मटणाची भांडी वेगळी असतात आणि सामिष स्वयंपाक परड्यातल्या चुलीवर होतो. घरात माळकरी असतील तर तो घरात होतच नाही. डुकराच्या मांसाबद्दल तर शिवाशिव याहून कडक असते, आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते निषिद्धच आहे. अशा घरात एखाद्या मुलाने किंवा सुनेने बेकन आणले तर फॉइलची पद्धत दुहेरी उपयोगी पडते, कारण मांस कुठल्याच भांड्याला लागत नाही. घरातल्यांच्या भावना सांभाळणे हाही पसारा कमी करण्याचाच भाग मानायला हवा.

चुलीवर करायचे झाले तर आच कमी करायचे बटण नसते, लाकडे मागे ओढणे एवढेच हातात असते. म्हणून जाळ ओसरू द्यावा, निखारे पसरावेत आणि त्यांवर खोल बिडाची कढई ठेवून पाण्याच्या पद्धतीने करावे. उघड्या निखाऱ्यांवर जाळी ठेवून पट्ट्या भाजू नयेत. चरबी निखाऱ्यावर ठिबकते, भडका उठतो आणि काळा धूर पट्टीवरच बसतो.

भडका कढईतच उठला, मग तो गॅसवर असो वा चुलीवर, तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. शिंतोड्यांच्या बाबतीत एका थेंबाने जे होते तेच इथे तांब्याभर पाण्याने होते आणि पेटती चरबी छताला लागते. गॅस बंद करून कढईवर सपाट झाकण किंवा मोठे ताट सरकवावे, म्हणजे हवा तुटून आग विझते. कढई गार होईपर्यंत झाकण उचलू नये आणि कढई हलवूही नये. हातावर चरबी उडाली तर भाजलेली जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी. हळद, टूथपेस्ट, तूप यांतले काही लावू नये, कारण त्याने उष्णता आत कोंडते.

शिजवून झाल्यावर कढईत उरते ती चरबी. तव्यावरच्या बेकनचे वजन शिजून कच्च्याच्या साधारण एक-तृतीयांशावर येते, आणि त्यातून वाफ होऊन गेलेले पाणी वजा केले तरी किती चरबी मागे राहते याचा अंदाज येतो. ती मोरीत ओतणे ही सर्वांत मोठी चूक. नळीत जाईपर्यंत पातळ असते, पुढे थंड पाणी लागले की थिजते आणि नळी तुंबते. ज्या गावांत सांडपाणी शोषखड्ड्यात जाते तिथे नुकसान याहून मोठे, कारण चरबी खड्ड्यातल्या दगड-मातीवर थर धरते आणि पाणी जिरेनासे होते. असा खड्डा उपसून पुन्हा भरण्याखेरीज उपाय उरत नाही. चरबी कोमट असताना गाळून स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवावी. प्लॅस्टिकच्या डब्यात गरम चरबी ओतू नये. फ्रीजमध्ये ती काही आठवडे टिकते आणि अंडी, उकडलेले बटाटे, मेथी किंवा शिळ्या भाताला परतायला चमचाभर पुरते. ती आधीच खारट असते, म्हणून पदार्थात मीठ बेताने घालावे. नको असेल तर थिजू द्यावी, कागदात पुडी बांधावी आणि कचऱ्यात टाकावी. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत भोरकडे ती वनस्पती तुपासारखी पांढरी घट्ट होते, चैत्र-वैशाखात मात्र बाहेर ठेवली तर पातळच राहते आणि लवकर खवटते.

कढई घासण्यापूर्वी कागदाने किंवा जुन्या वर्तमानपत्राने कोरडी पुसून घ्यावी. त्यातच निम्म्याहून अधिक काम होते. चुलीची राख इथे खरोखर गुणकारी आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. गरम पाण्यात ते चरबीशी मिळून थोडा साबण तयार करतात, आणि राखेचा खरखरीतपणा घासणीचे काम करतो. दगडी कोळशाच्या राखेला हा गुण नाही. बिडाची कढई मात्र राखेने किंवा साबणाने खरवडून घासू नये, गरम पाण्याने धुऊन, आचेवर कोरडी करून तेलाचा हात फिरवून ठेवावी.

ओट्यावर उडालेले शिंतोडे कोमट असतानाच पुसले तर फडक्याच्या एका हाताने जातात. थिजल्यावर तेच काम तिप्पट होते. आधी कोरडा कागद, मग गरम साबणाचे पाणी, मग साधे पाणी, असा क्रम ठेवावा. पहिल्यांदाच ओले फडके फिरवले तर चरबी पुसली न जाता सगळीकडे पसरते. ओटा कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा असेल तर दोन गोष्टी जपाव्या लागतात. हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. शहाबादी फरशी विशेषतः चरबी पिते आणि काळा डाग धरते, म्हणून डागावर लगेच बेसन किंवा गव्हाचा कोंडा पसरून तासभर ठेवावा. तो चरबी ओढून घेतो, मग झाडून टाकून साबणाच्या पाण्याने पुसावे. आणि चिकटपणा जावा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नये. आम्ल चुनखडीला खाते, तकाकी जाते आणि दगड खडबडीत होऊन पुढचे तेल अधिकच धरतो. ग्रॅनाइटच्या ओट्याला हा धोका नाही. गॅसच्या मागच्या टाइल्सना आधीच फॉइल किंवा वर्तमानपत्र टेकवून ठेवण्याची युक्ती पुष्कळ घरांत दिवाळीच्या तळणाला करतात. तीच बेकनलाही चालते, फक्त कागद ज्योतीपासून वीतभर तरी लांब हवा.